आधी गळा, मग भोपळा

मी केलेली एकतारी चितेगावच्या फाट्यावर छेडली तर पैठणच्या धरणाचं दार आपोआप वर उचललं जातं, असं मी लोकांना सांगत आलोय. ते खरं नाही. दार अर्धंच उचललं जातं.

सवय आहे, काय करणार! चितेगावच्या कंपनीत मी जन्मभर फिटर होतो. मशीनच्या आवाजात माणसानं एक तर मुकं व्हावं नाही तर सगळं मोठं करून सांगावं. मुकं होणं मला जमलं नाही. निवृत्त झाल्यावर पुंडलिकनगरात घरासमोर, जिथं शहाणी माणसं चारचाकी लावतात, तिथं मी पत्रे ठोकले, लोखंड दाढांत धरून ठेवणारा फिटरचा जुना व्हाइस बसवला आणि एकताऱ्या करायला लागलो. भजनी मंडळांना, गायन पार्ट्यांना, कधी एखाद्या हौशी मास्तरांना. बायको म्हणाली, "बरं झालं. भोपळा पोकळ असतो म्हणूनच वाजतो. तुमचं चांगलं जमंल."

एकतारी ज्यांनी फक्त फोटोत बघितली असेल त्यांच्यासाठी सांगतो. वाळलेला कडू भोपळा घ्यायचा. त्याचं तोंड कापायचं, आतला गाभा काढायचा, तोंडावर बकरीचं कातडं ताणून बसवायचं. भोपळ्यातून आरपार बांबूची दांडी. दांडीच्या शेंड्याला पिळायची खुंटी, कातड्यावर तार उचलून धरणारा लाकडाचा चिमुकला तुकडा, त्याला घोडी म्हणतात, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच तार. बस. फिटरच्या दृष्टीनं बघाल तर ह्यात काहीच नाही. म्हणूनच चूक लपवायला जागा नाही.

आमच्या गावातल्या ज्या म्हाताऱ्याकडं बसून मी हे शिकलो, त्यानं मला एकच नियम घालून दिला होता. आधी गळा, मग भोपळा. ज्याच्यासाठी वाद्य करायचं त्याच्या घरी जायचं, त्याच्यासमोर मांडी घालून बसायचं, त्याला गायला लावायचं. आवाज कुठं सुखानं टेकतो ते ऐकायचं. उंच आवाजाला लहान भोपळा, आखूड दांडी. खालच्या आवाजाला मोठा भोपळा, लांब दांडी. नंतर खुंटी पिळून थोडं वर-खाली करता येतं, पण थोडंच. भोपळा कापला की स्वर ठरला. नवरदेव न बघता अंगरखा शिवणारा शिंपी आणि गळा न ऐकता भोपळा कापणारा कारागीर, दोघांनाही एकाच झाडाला बांधलं पाहिजे, असं तो म्हणायचा.

मी तो नियम एकदाच मोडला. आणि मोडला तो नेमका ज्याच्यासाठी मोडायला नको होता त्याच्यासाठी.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक जण होता. गारखेड्यात राहायचा, अजूनही राहतो. त्याच्या घरात गाणं पिढीजात. बाप गायन पार्टीत गायचा, चुलता ढोलकीवर, आणि हा पेटी वाजवत स्वतः गायचा. भीमजयंतीच्या रात्री त्याचं गाणं ऐकायला बीड बायपासपर्यंत माणसं उभी राहायची. (अर्ध्या वाटेपर्यंत. पण उभी राहायची.) त्याचा आवाज काळी पाचचा. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, गाणारा कुठल्या पट्टीला 'सा' धरतो त्यावरून त्याच्या आवाजाची उंची सांगतात. काळी पाच म्हणजे बाप्या माणसासाठी जवळजवळ पत्र्यावर चढणं. हा तिथं चढून वर आरामात पाय हलवत बसायचा.

आणि त्याच्या ह्या आवाजाच्या गोष्टी गावभर कुणी केल्या? मीच केल्या. ह्यानं वरचा सूर लावला की कंपनीचा भोंगा लाजून बंद पडतो. एकदा पुंडलिकनगरच्या टाकीखाली गायला उभा राहिला तर टाकीत पाणी आपोआप चढलं, आणि ज्या गल्लीत आठवडा-आठवडा नळाला पाणी येत नाही तिथं लोक बादल्या घेऊन धावले. तो ऐकायचा आणि पोट धरून हसायचा.

"गपाड्या," म्हणायचा, "तू मला एवढा मोठा करतो ना, की घरी गेल्यावर दारातून आत शिरायला तिरपं व्हावं लागतं."

मागच्या दिवाळीच्या सुमारास त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मी दवाखान्यात एकदा जाऊन आलो. त्यानं माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला आणि अर्धंच तोंड हसलं. मी पाणी आणतो म्हणून बाहेर पडलो, तो थेट घरी आलो. त्यानंतर फोन करत राहिलो. वहिनी फोन उचलायच्या, मी विचारायचो, त्या सांगायच्या, बोलणं हळूहळू सुधारतंय, काठी धरून चालतायत. मी म्हणायचो, "येतो एक-दोन दिवसात." माझे एक-दोन दिवस फार लांबीचे असतात. त्यात हिवाळा मावला.

मग एक दिवस वहिनीच आल्या. पत्र्याखाली उभ्या राहून त्यांनी माझ्या टांगलेल्या भोपळ्यांकडं बघितलं आणि विचारलं, "भाऊजी, एका बोटानं वाजतं असं काही असतं का?"

"कोणतं बोट?"

"उजव्या हाताचं पहिलं. तेवढंच ऐकतं त्यांचं. बाकीची नुसती पाहुणी आल्यासारखी बसून असतात. पेटीवर कपडा टाकून ठिवलाय, त्याच्याकडं बघत बसतात."

"एक बोट? वहिनी, अर्ध्या बोटानं वाजंल असं देतो!"

"अर्धं नको, एक पुरे. आणि मोठं काही नाय भाऊजी. घरात बसून गुणगुणता आलं म्हणजे झालं."

घरात बसून गुणगुणता आलं म्हणजे झालं. हे वाक्य मी ऐकलं होतं. दोन्ही कानांनी. मी बहिरा होतो असं मला म्हणता येणार नाही, कंपनीनं बहिरा केलाय असंही नाही, निवृत्तीच्या वेळच्या तपासणीत माझे कान नवरीच्या कानांसारखे निघाले होते.

त्याच संध्याकाळी टपरीवर जयंती कमिटीची पोरं बसली होती. एकानं सहज विचारलं, "काका, तुमच्या दोस्ताची तब्येत कशी हाय?"

आता 'बरी आहे' म्हणायला काय लागत होतं! पण मी गेलो नव्हतो ना त्याला बघायला. मला काय माहीत कशी आहे? ज्याला काही माहीत नसतं तो गप्प बसतो किंवा माझ्यासारखा असतो.

"तब्येत?" मी म्हणालो. "अरे, आजारानं गळा धुऊन निघाला त्याचा. आधी काळी पाच होती, आता काळी सहा लागते. पेटीच्या सप्तकात काळ्या पट्ट्या पाचच, सहावी नसतेच, म्हणून पेटी झाकून ठेवलीय त्यानं. मी खास एकतारी करतोय. ह्या जयंतीला ऐका!"

पोरं हसली. मी पण हसलो. चहा प्यालो. पण त्या पोरांची हौस म्हणजे माझ्या गोष्टींपेक्षा वेगवान. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर त्याचा तरणेपणीचा फोटो, काळेभोर केस, पेटीवर हात, आणि खाली 'खणखणीत आवाजाचे बादशहा पुन्हा आपल्या भेटीला'. मी फ्लेक्सखालून मान खाली घालून जायला लागलो. त्याच्या घराच्या खिडकीतून तो चौक दिसतो.

एकतारी तर करायची होती. नियम होता, आधी गळा. गारखेडा पुंडलिकनगरापासून किती लांब? चालत गेलो तर विडी संपायच्या आत. पण मला ते ओढलेलं तोंड बघवत नव्हतं, हे खरं कारण. सांगायचं कारण मी दुसरं काढलं. माझ्या मोबाईलमध्ये त्याचं जुनं गाणं आहे की! कंपनीतल्या कार्यक्रमातलं, मीच भरून घेतलेलं. त्याचा गळा मी ओळखत नाही? मोबाईल व्हाइसच्या दाढांत हलकेच अडकवला, गाणं लावलं आणि त्या आवाजासाठी भोपळा निवडला.

लहान निवडला. नारळाहून थोडा मोठा, कडक, टणक, टिचकी मारली तर उलटून बोलणारा. तोंड कापलं, आत पाणी भरून ठेवलं म्हणजे गाभा सुटतो. बायको ओरडली, "प्यायला पाणी नाय अन् तुम्ही भोपळ्याला पाजताय?" वाकवलेल्या चमच्यानं गाभा खरवडला. त्याचा कडू वास नाकात बसतो तो जेवणातही उतरतो. भिजवलेलं कातडं ताणून बसवलं, सावलीत वाळवलं. आखूड दांडी. खुंटी एका जुन्या शिसवी पलंगाच्या पायातून कोरली. पोलादी तार चढवली आणि मोबाईलमधल्या धडधाकट गायकाबरोबर काळी पाचला मिळवली. नखानं छेडली तर रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं. हे शब्दशः खरं आहे. ते कुत्रं ट्रकलाही उठत नाही.

एकतारी घेऊन गेलो. तो दिवाणावर भिंतीला टेकून बसला होता. वाळला होता. मी त्याच्या कपाळाकडं बघत बोललो, कपाळ सरळ होतं.

"ये, गपाड्या," तो म्हणाला. एकेक अक्षर उचलून बाजूला ठेवल्यासारखं.

त्यानं एकतारी डाव्या हातानं खांद्याशी घेतली. उजवा हात वहिनींनी उचलून दांडीवर ठेवला. ते एक बोट जरा चाचपडलं, मग तार छेडली. टण्ण! खोली भरून गेली. त्याचा चेहरा, म्हणजे त्याचा जेवढा भाग उजळू शकत होता तेवढा, उजळला. त्यानं पुन्हा छेडली आणि 'सा' लावायला तोंड उघडलं.

आवाज आलाच नाही. आला तो तारेच्या फार खालून, जिन्याखाली कुणी बसलंय आणि वरच्या मजल्यावर हाक मारतंय असा. त्यानं वर ओढायचा प्रयत्न केला. मध्येच कुठंतरी तो तुटला आणि खोकला आला.

"घसा बसलाय," तो म्हणाला. "उन्हाचा."

"हो हो, हवाच तशी आहे," मी म्हणालो. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. चहा ठेवते म्हणाल्या. मी म्हणालो, गडबड आहे. कसली गडबड? घरी जाऊन मी रिकाम्या व्हाइसचा दांडा उगीच फिरवत बसलो.

चूक कळली होती. पण मी म्हटलं, तो गुणगुणेल तसाच, जमवून घेईल. दुसरा जमवून घेईल ही आशा फार सोयीची असते.

काही दिवसांनी वहिनी पुन्हा आल्या. ह्या वेळी त्या पत्र्याखाली आल्या नाहीत, फाटकाशीच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, रोज सकाळी उठून वर चढायला बघतात. गळ्याच्या शिरा तट्ट होतात, डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टर म्हणले होते जोर लावू नका. मी म्हणलं, खाली गा की. तर म्हणतात, एकतारी खाली येत नाय."

"खुंटी ढिली करा म्हणावं."

"केली. तार नुसती फडफडती. आणि उन्हानं ते कातडं आणखीनच ताणलंय."

वहिनी फाटकाची कडी वाजवत राहिल्या, मग म्हणाल्या, "मी म्हणलं, तो बोर्ड उतरवायला सांगा. तर म्हणतात, त्यानं चार लोकांत शब्द दिलाय. त्याला खोटा पाडू का?"

जन्मभर मला कुणी खरा मानलं नाही. बायकोनं नाही, साहेबानं नाही, मला ओळखणाऱ्या एकाही माणसानं नाही. आणि मानलं तर ह्यानं, तेही नको तिथं.

मी तडक टपरीवर गेलो. पोरं होतीच. म्हणालो, "पोरांनो, ऐका. खरं सांगतो. त्याचा आवाज लागत नाही. काळी पाच विसरा, पांढरी एक लागली तरी देवाची कृपा. फ्लेक्स उतरवा."

एकानं दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

"काका, मान गये! आधी लागत नाय म्हणायचं अन् मग स्टेजवर डायरेक बाँब!"

"अरे, खरंच सांगतोय!"

"बघ, बघ, तोंड कसं केलंय! काका, तुम्ही नाटकात पायजे होता."

मी शपथ घेतली. मी आजवर घेतलेल्या शपथा त्यांना माहीत होत्या. मी डोळ्यांत पाणी आणलं, म्हणजे ते आलंच होतं, तर एक जण म्हणाला, "लई भारी!" आणि माझा चहा त्यांनीच दिला. संध्याकाळपर्यंत गारखेड्यात बातमी फिरली की बादशहांनी जयंतीसाठी आवाज राखायला मौन धरलंय, आणि ही आतली बातमी खुद्द काकांनी फोडली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. ठरवून गेलो होतो, आत जायचं, समोर बसायचं, गळा ऐकायचा. जिना चढलो. दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी खाली टँकरच्या रांगेत होत्या, मला येताना दिसल्या होत्या. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. फटीतून बघितलं तर तो शर्ट घालत होता. डाव्या हातानं एक बटन काजात ढकलायचा, ते निसटायचं, पुन्हा ढकलायचा. आणि त्या नादात, कुणासाठी नाही, फ्लेक्ससाठी नाही, माझ्या शब्दासाठी नाही, तो गुणगुणत होता. खाली. खूप खाली. शब्द एका बाजूनं सांडत होते पण सूर एका जागी बसला होता, पाट टाकून बसल्यासारखा.

हाच तो गळा. मी मोबाईल काढला, फटीशी धरला आणि भरून घेतलं. मग चपला हातात घेऊन जिना उतरलो.

हो. आत न जाता. त्याचं वरचं बटन अजून लागायचं होतं.

माझ्या पत्र्याच्या मधोमध एक भोपळा टांगलेला असायचा. गावाकडच्या बांधावर आला होता. माझी अर्धी इज्जत त्या भोपळ्यावर उभी होती. येईल त्याला मी सांगायचो की हा वेलीवर असताना दुपारी त्याच्या सावलीत म्हैस बसायची, आणि आणताना एसटीत ह्याचं फुल तिकीट काढावं लागलं. मराठवाड्यातली सगळ्यात मोठी एकतारी करणार म्हणून तो मी राखून ठेवला होता. राखून ठेवण्यातच जास्त मजा होती, कारण न केलेली एकतारी कितीही चांगली वाजते.

तो खाली उतरवला. कापताना करवत ओढवेना, साल जाड होती. बायको दारात येऊन उभी राहिली.

"आता लोकांना काय दाखवणार?"

"काही नाही."

ती जवळ आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

ह्या वेळी मोबाईलमध्ये नवं गाणं होतं, गाणं कसलं, शर्टाच्या बटनांची झटापट होती. ते ऐकत दांडी लांब ठेवली. कातडं मोठं, जाडसर. पोलादी तार काढून पितळी चढवली, पितळ खाली बोलतं. घोडी तीन-चारदा नव्यानं कोरली. शेवटी तार छेडली. कुत्रं उठलं नाही. झोपेतच त्यानं कान हलवला. आवाज भोपळ्याच्या पोटातून निघाला आणि जमिनीवरून चालत गेला.

जयंती तोंडावर आली होती. घेऊन गेलो. वाटेत मी एक गोष्ट जुळवून ठेवली होती, अगदी चपखल.

"अरे, ती लहान एकतारी परत न्यायला आलो," मी म्हणालो. "पैठणच्या एक बाई आहेत, गातात, त्यांनी ती कुठून तरी ऐकली. लई मागं लागल्यात. माझ्या दारात बसून राहिल्या, उठेनात. म्हटलं दोस्ताला विचारतो. तोवर तुला ही दुसरी…"

त्यानं सगळं ऐकून घेतलं. पूर्वी तो माझ्या गोष्टीत मध्येच हसायचा. आता त्याला सवड होती.

"झालं सांगून?"

"झालं."

"आता खरं."

"ही खाली लागते," मी म्हणालो.

त्यानं भिंतीवर टांगलेल्या लहान एकतारीकडं बघितलं. "ती कुणासाठी केलती?"

"तुझ्यासाठी."

"नाय." तो थांबला, दम घेतला. "तू टपरीवर ज्याच्या गोष्टी सांगतो ना, त्याच्यासाठी केली. तो लई भारी गातो. मी बी ऐकलंय त्याला."

वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या, तो आवाज थांबला.

"आन् ही कशावरून मिळवली?"

मी मोबाईल काढून लावला. त्याचंच गुणगुणणं, मध्ये बटन निसटल्याचा 'च्च', पुन्हा गुणगुणणं. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

"चोरून?"

"चोरून."

"दारापातूर आलता." त्यानं डोळे उघडले. "मग आत का नाय आला? बटनं तरी लावली असती."

मी त्याच्या कपाळाकडं बघायला लागलो.

"खाली बघ, खाली," तो म्हणाला. "मला आरशात रोज बघावं लागतं. तुला कधीतरीच बघायचंय."

मी बघितलं. एक डोळा दुसऱ्यापेक्षा हळू मिटत होता. ओठाचा कोपरा खाली आला होता, तिथं ओलसर होतं, आणि तो रुमालानं ते टिपायचा तेव्हा मी मान वळवू नये म्हणून मला मांडीवर हात दाबून धरावा लागला. वहिनी चहा घेऊन आल्या. ह्या वेळी मी प्यालो.

जयंतीच्या संध्याकाळी मी लवकर गेलो. पांढरा शर्ट वहिनींनी कडक इस्त्री करून ठेवला होता. मी बटनं लावली, खालून वर. फिटरची बोटं, नटबोल्टाला सरावलेली, त्या बारक्या बटनांनी मला घाम फोडला. गळ्याच्या बटनापाशी आलो तेव्हा तो गुणगुणत होता आणि तो सूर माझ्या बोटांना लागला. नव्या एकतारीपेक्षाही तो जरासा खाली होता. रोज सकाळच्या त्या ओढाताणीत काही सुटलं होतं की आजारानंच घेतलं होतं, मला कळलं नाही. मी खुंटी थोडी मागं पिळली. त्यानं ते बघितलं.

स्टेजसमोर गल्ली भरून माणसं होती. मी मागं, टपरीवाल्या पोरांत सरकायला लागलो तर त्यानं काठीनं खुणावलं.

"समोर बस."

पहिल्या रांगेत बसलो. त्याला खुर्चीवर बसवलं, एकतारी खांद्याला दिली, हात दांडीवर ठेवला. पोरांच्या शिट्ट्या सुरू झाल्या. "काळी सहा! काळी सहा!"

त्यानं माईककडं मान वाकवली.

"सगळ्यांना जय भीम," तो म्हणाला, सावकाश. "गायच्या आधी… ह्या एकतारीची गोष्ट सांगतो. हा भोपळा… वेलीवर होता तेव्हा… सावलीला म्हैस बसायची."

गल्ली हसली. तो थांबला, दम घेतला.

"मालकाला वाटलं, एकच म्हैस. भोपळा कापला… तर आतून दुसरी निघाली."

आता गल्ली फुटली. शिट्ट्या, टाळ्या, मागचं कुणी तरी ओरडलं, "काकांची संगत भोवली!" त्यानं हात वर केला, डावा.

"ती म्हैस आत बसून गात होती. लई खाली. म्हणून ही एकतारी खाली लागती. आता मला बी… तिच्यासंगं खालीच गावं लागंल. वर कुणाला ऐकायचं असंल… त्यानं काकांकडं जावं. वरचा माणूस त्यांच्याकडं राहतो."

लोक हसत हसतच खाली बसले. काळी सहा कुणी मागितली नाही पुन्हा. माझीच लबाडी त्यानं उचलली, माझ्याच पद्धतीनं फुगवली, आणि तिच्या आडून स्वतःच्या एवढ्याशा आवाजाला बसायला जागा करून घेतली. मला सोडवलं त्यानं. चारचौघांत, मलाच हसवत. मी त्याला इतके दिवस सोडवू शकलो नव्हतो.

मग ते बोट उठलं. तार बोलली. तो गायला लागला. मागून कुणी म्हणालं, "आवाज वाढवा," पोरानं माईक जवळ सरकवला. दुसऱ्या कडव्यात आवाज एके ठिकाणी चिरला. ती चीर आजाराची होती की माझ्या लहान भोपळ्याची, हे डॉक्टरला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. चिरला, तो थांबला, एकतारी एकटी वाजत राहिली, आणि तो पुन्हा खाली येऊन तिला मिळाला.

गाताना तो माझ्याकडं बघत होता आणि हसत होता. अर्धं तोंड हसत होतं. दुसरं अर्धं नव्हतं. समोरच बसलो होतो, दोन्ही बघत राहिलो.